आधी पाणी, मग चहा

पुंडलिकराव वर्तमानपत्र वाचत असे, ही गावाची मोठीच अडचण होती. लाखनीच्या सडकेवर त्याचं हाटेल. चहाने जंतू मरतात, अशा मजकुराचं एक कात्रण त्याने भिंतीला चिकटवलं होतं. अठ्ठ्याहत्तर सालच्या श्रावणात गावात हगवण-ओकारी सुरू झाली, आठ दिवसांत दोन माणसं गेली, तेव्हा हा शहाणा त्या कात्रणाकडे बोट दाखवून मोकळा झाला.

आनंदराव आरोग्य खात्यात कामाला, याच गावच्या बौद्ध मोहल्ल्यातला. गावातल्या सगळ्या विहिरींत त्याने ब्लिचिंग पावडर टाकली होती. उरली होती फक्त हाटेलामागची पुंडलिकरावाची विहीर, आणि आजारी पडलेला जो तो याच हाटेलातून उठून गेलेला.

"पुंडलिकराव, हिरीत पावडर टाकू द्या."

"अरे आनंद्या, पेपरात छापून आलं. चायनं जंतू मरते. तुही पावडर कायले पायजे मले?"

खरी गोष्ट निराळी होती. आनंदरावाचा हात लागला की विहीर बाटली. तेवढं तोंडाने म्हणायची लाज वाटत होती, म्हणून गड्याने विज्ञानाची शाल पांघरली होती. आनंदरावाला त्याचा राग येत नव्हता, किळस येत होती. आतल्या खोलीतून कण्हणं ऐकू येत होतं. पुंडलिकरावाची बायको रुखमिणी सकाळपासून पडून होती, आणि हा कात्रण दाखवत होता.

"आमच्या मोहल्ल्यात किती जन पडले, मालूम हाय?" आनंदरावाने विचारलं.

"किती?"

"एकबी नाही. चाय तं आमीबी रोज तुमचीच पेतो."

पुंडलिकराव खुलला. "पाय, मी काय म्हनत होतो?"

"पन लोकायले तुमी आधी गिलासभर पानी देता, मंग चाय. आमाले बाहेरच्या बाकावर नुसती चाय. तुमच्या पान्याचा थेंब कधी आमच्या नरड्यात गेला नाही. म्हनून आमी उभे आहो."

गिऱ्हाइकांनी हातातले गिलास खाली ठेवले. तेवढ्यात भिंतीचा आधार घेत रुखमिणी दारात आली.

"आनंदराव, मांगच्या दारानं या. टाका पावडर," ती म्हणाली. "मले जगायचं हाय." नवऱ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

पावडर पडली. चार दिवसांत नवा आजारी येईनासा झाला, रुखमिणी चुलीपाशी बसू लागली. गिऱ्हाइकं पुन्हा आधी पाणी, मग चहा पिऊ लागली.

पाचव्या दिवशी तिचाच निरोप आला. आनंदराव वही घेऊन गेला. खाटेवर पुंडलिकराव पडलेला, डोळे खोल गेलेले. ज्याच्या हाताचा एवढा विटाळ, त्याच हाताने आनंदरावाने मीठ-साखरेचं पाणी पाजलं, तर ते त्याने मुकाट्याने घटाघटा गिळलं.

"पानी कुठलं पेत होते?" आनंदरावाने नेमाप्रमाणे विचारलं.

पुंडलिकरावाने भिंतीकडे तोंड केलं. उत्तर रुखमिणीने दिलं.

"गावाबाहेरच्या बोडीतलं, म्हशी लोळतेत त्या. हिरीले तुमचा हात लागला ना."