चिंचेने घासलेला राणीछाप रुपया

आधी मला फरशीवर वाजवून बघा. खणखणीत आहे ना? मग ऐका. मी राणीछाप रुपया, अस्सल चांदीचा, मुंबईच्या टांकसाळीतला, सन १८६२ चा. तुमच्या हल्लीच्या पातळ, लोहचुंबकाला चिकटणाऱ्या नाण्यांत मला धरू नका.

खानदेशात मी कापसाच्या मोबदल्यात आलो. कुणाच्या कनवटीला राहिलो, कुणाच्या धान्याच्या कोठीत, मग कितीतरी वर्षं एका मडक्यात पुरलेला. माती आणि हवा लागून अंगावर निळसर काळा रंग चढला. लोक त्याला मळ म्हणायचे. शेवटी चोपड्याच्या एका सराफाकडे मोडीत गेलो. तो मला वितळवणार, तेवढ्यात लीलाधरने उचललं.

लीलाधर धुळ्याचा, एसटीच्या वर्कशॉपातला मेकॅनिक. वयाने मी फार थोरला, म्हणून एकेरी बोलतो. चोपडा म्हणू नका, चाळीसगाव म्हणू नका, सुट्टीच्या दिवशी हा सराफांच्या दारात हजर. घरी बायको कुंदाबाई म्हणायची, घरात खाणारी तोंडं काय कमी, की हे न खाणारी आणखी आणतात! तो नुसता हसायचा. नाणी का जमवतो, ते त्याने तिला कधी सांगितलं नाही. आम्हाला मात्र भिंग लावून तासन् तास सांगायचा. हा काळा रंगच तुमची जन्मपत्रिका, म्हणायचा, तो गेला की तुम्ही नुसती चांदी. बायकोला एवढीच ताकीद, की पेटीला हात लावायचा नाही.

एका धनत्रयोदशीला तिने पूजेला एक राणीछाप मागितला. हळदीकुंकवाने रंग बिघडेल, म्हणून आमच्यातला द्यायचं त्याच्या जिवावर आलं. त्याने जळगावहून लक्ष्मीचा छाप असलेलं नवंकोरं नाणं आणून दिलं. कुंदाबाईने मनाशी गाठ बांधली, की आपले रुपये मळलेले, देवापुढे ठेवायची याला लाज वाटते. ती बोलली नाही, यानेही विचारलं नाही. अशी वर्षं गेली. तो निवृत्त झाला, आम्ही एकेचाळीस झालो.

यंदा जळगावात जुन्या नाण्यांचं प्रदर्शन भरलं. पारख करणाऱ्या नवलशेठनी मोबाइलवर आमचे फोटो पाहिले आणि शब्द दिला. नाणी हातात घेऊन पटली, तर स्वतंत्र काचेची पेटी, आणि तिच्यावर लीलाधरचं नाव. उभा जन्म गाड्यांखाली निजून तेलाने माखलेला माणूस हा, त्याचं नाव काचेवर येणार होतं! आठवडाभर त्याला धड जेवण गेलं नाही.

आदल्या दिवशी तो कटिंग करायला गेला आणि घाईत पेटी उघडी राहिली. कुंदाबाईला वाटलं, एवढ्या लोकांपुढे असे काळेकुट्ट रुपये न्यायचे? नवऱ्याची लाज आपणच राखायला हवी. लक्ष्मीपूजनाआधी घरची भांडी घासतात, तशी तिने चिंच भिजवली, रांगोळीची पूड घेतली आणि एकेक करून आम्हा सगळ्यांना घासून काढलं. आम्ही काय करणार! बडवून घ्यायला कपाळ आहे, पण हात नाहीत.

तो आला तेव्हा आम्ही ताटात हळदीकुंकू लावून मांडलेलो होतो.

"देखा, बठ्ठा कसा चमकी ऱ्हायनात," ती आम्हा सगळ्यांकडे बोट दाखवून म्हणाली.

चिंचेच्या पाण्याने तिची बोटं सुरकुतली होती. त्याने त्या बोटांकडे पाहिलं आणि प्यायला पाणी मागितलं.

तरी दुसऱ्या दिवशी दोघं जळगावला गेले. तिने ठेवणीतलं पातळ नेसलं होतं. नवलशेठनी मला उचललं, भिंग लावलं आणि लगेच खाली ठेवलं. धुतलेली नाणी प्रदर्शनात लागत नाहीत, आता यांना चांदीच्या वजनाचा भाव, असं ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "घासली कोणी?"

कुंदाबाई मागेच उभी होती.

"मीच," लीलाधर म्हणाला. "हौस आली."

चाळीस वर्षं नाणी जमवणारा माणूस असा अडाणीपणा करतो, म्हणून चार लोकांनी माना वळवून पाहिलं. मला त्याचा अभिमान वाटला, आणि मेल्याहून मेल्यासारखंही झालं. बाहेर पायरीवर कुंदाबाई मटकन बसली. रडली नाही.

"तुम्हीनी माले कधी सांगंच नही," एवढंच म्हणाली.

तो तिच्याशेजारी पायरीवर बसला. आम्हाला सांगितलं त्यातलं पाव जरी तिला सांगितलं असतं तर! आणि मीही, एवढा खणखणीत, त्या घरात कधी तिच्यासाठी वाजलो नाही.

आता दर रविवारी दोघं पेटी घेऊन बसतात. कुठला रुपया कुठल्या बाजारात मिळाला ते तो सांगतो, ती ऐकते. तिला सगळं लक्षात राहतं, त्याच्यापेक्षा जास्तच. परवा तिने विचारलं, हे पुन्हा तसे काळे कधी होणार? पन्नास-साठ वर्षं लागतील, तो म्हणाला. त्याची सत्तरी उलटली आहे.

तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल, तर त्याला घासू नका. आणि का घासायचं नाही, ते घरातल्या माणसांना जवळ बसवून सांगा.

बोलणं संपलं की कुंदाबाई मला परत पेटीत ठेवते. चेहऱ्याला बोट लागू न देता, अलगद कडेने धरून. आता तिला येतं.