परतीचा बाण

"सही मी करणार नाही," ताई म्हणाली आणि पेनाला टोपण लावून तिनं ते साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

मोबाइल कंपनीच्या त्या कचेरीत तिचं काम कॉल तपासायचं. व्हॅनच्या काचेजवळ चार फोन लावलेले, चारही फोनवर चालू कॉल, मांडीवर लॅपटॉप. ठरलेल्या रस्त्यानं जायचं आणि कॉल कुठे तुटतो ते टिपायचं. इस्पितळापासून खाणीपलीकडच्या वस्त्यांपर्यंतच्या रस्त्याचा अहवाल आता टेबलावर पडला होता. त्यात एकही कॉल तुटलेला नव्हता. सोमवारपासून त्या रस्त्यावर नवी रुग्णवाहिका धावणार होती. आतली नर्स वाटभर डॉक्टरांशी फोनवर बोलत, ते सांगतील तसं करत रोग्याला आणणार. त्यासाठी 'रस्ता पास' एवढा शेरा आणि खाली ताईची सही हवी होती.

"अहवाल तुझाच, आकडे तुझेच. मग अडलंय कुठे?" साहेबांनी विचारलं.

"नकाशावरचा बाण बघा. जातानाचा आहे, येतानाचा नाही. रुग्णवाहिका जाताना रिकामी असते, साहेब. रोगी येताना असतो."

"टेस्ट कायम जातानाच होते."

"हो. आणि येताना आपण फोन बंद करून जेवायला येतो."

हे खरं तर ड्रायव्हरकाकांमुळे उघड झालं होतं. काका परतताना कानात वायर खुपसून बायकोशी बोलत आणि खाणीच्या वळणावर कॉल रोज तुटे. "ती म्हणते मी मुद्दाम ठेवतो," काका म्हणाले होते. "चाळीस वर्षांत तेवढी हिंमत कधी झाली नाही, हे तिला कोण सांगणार?"

ताईनं खोदून पाहिलं, तर सगळा दोष राहून गेलेल्या एका ओळीचा निघाला. चालत्या गाडीतला कॉल एका टॉवरच्या हातून दुसऱ्याच्या हातात जातो. फोन सारखा कानोसा घेत असतो आणि कुठला टॉवर जवळ आला ते पहिल्याला कळवतो. पहिला दुसऱ्याला विचारतो, जागा आहे का? त्यानं हो म्हटलं, की मगच हात सोडतो. काका प्रार्थनेला गाणाऱ्याच्या मागे बसून सूर धरायचे, त्यामुळे त्यांना हे लगेच उमगलं. "म्हणजे पुढच्याचा श्वास संपायच्या आत मागच्यानं ओळ उचलायची," ते म्हणाले. "मध्ये फट पडली तर देवापर्यंत काय पोचणार, कप्पाळ?"

पण टॉवर विचारतो तो फक्त आपल्या यादीतल्या शेजाऱ्यांना. इस्पितळाकडच्या टॉवरच्या यादीत खाणीवरचा टॉवर होता, खाणीवरच्याच्या यादीत मात्र इस्पितळाकडचा नव्हता. म्हणून जाताना कॉल सुखरूप जाई आणि येताना पडे.

ती ओळ घालायला दोन मिनिटं पुरली असती. पण इस्पितळाकडचा टॉवर पलीकडच्या विभागाचा, आणि त्यांची मंजुरी मागावी लागणार होती. दोन वर्षांपूर्वी एका बैठकीत तिकडच्या साहेबांनी ताईच्या साहेबांना सगळ्यांसमोर "आटपा आता" म्हटलं होतं. तेव्हापासून बोलणं बंद.

"मागायचं, तेही त्याच्याकडे?" साहेब म्हणाले. "त्यानं आधी फोन करावा. आणि तुझा एवढा जीव का तुटतोय ते मला ठाऊक आहे. त्या गाडीत नर्स तुझी वहिनी आहे."

"वहिनी नसती तरी सही केली नसती. सही म्हणजे साक्ष, साहेब. न पाहिलेलं पाहिलं म्हणून तुम्हाला सांगेनही एखादे वेळी, त्या वरच्या देवाला कोणत्या तोंडानं सांगू?"

"मग उद्यापासून गोदामात बस, केबल मोजत."

"बसेन. केबल निदान दोन्ही टोकं धरून मोजतात."

साहेब ताडकन उठले. "चल. मीच येतो गाडीत. काही तुटत बिटत नाही, तुझ्या डोळ्यांदेखत दाखवतो."

वस्त्यांपर्यंत जाताना चारही कॉल ठणठणीत राहिले. साहेब विजयी मुद्रेनं खिडकीबाहेर बघत होते. काकांनी गाडी वळवली. खाण जवळ आली तशी ताईनं एका फोनवरून पलीकडच्या विभागाच्या साहेबांचा नंबर लावला आणि स्पीकर चालू केला.

"नमस्कार. खाणीवरच्या टॉवरच्या यादीत तुमचा टॉवर घालायचाय. मंजुरी हवी."

"या क्षणी देतो की. पण तुमच्या साहेबांनी मागू दे. त्यांच्या तोंडाला काय कुलूप लागलंय?"

साहेबांनी फोन हिसकावला. "कुलूप कोणाला हो? दोन वर्षं मी गप्प बसलो तो माझा चांगुलपणा."

"चांगुलपणा? मला वाटलं, उत्तर सुचत नाही."

"सुचत नाही? आज ऐकाच मग." साहेब पुढे सरकून बसले. दोन वर्षं आंघोळ करताना घोटून ठेवलेलं वाक्य शेवटी बाहेर पडायला लागलं. "त्या दिवशी बैठकीत तुम्ही जे बोललात ना, त्यावरून एवढंच सिद्ध झालं की तुमच्यासारखा माणूस..."

गाडी खाणीचं वळण घेत होती. फोन टुक टुक करून गप्प झाला. उरलेले तीनही लागोपाठ गेले. काकांनी नजर रस्त्यावरच ठेवली, पण त्यांच्या मिशा हलत होत्या.

"हॅलो? हॅलो?" साहेबांनी फोन हलवून पाहिला.

"गेला," ताई म्हणाली.

"त्याला वाटेल मी ठेवला."

"वाटणारच."

"त्याला वाटेल मी पळालो."

"आमच्या हिला रोज वाटतं," काका हळूच म्हणाले.

वळण संपताच फोनवर रेघा उगवल्या. साहेबांनी स्वतःच नंबर लावला. पलीकडून हसण्याचा आवाज आला. "का हो, ठेवलात?"

"मी ठेवला नाही. कॉल तुटला."

"असा कसा तुटेल? तुमचा टॉवर तर पास आहे ना?"

साहेबांनी ताईकडे पाहिलं. तिनं नजर हटवली नाही. पळपुटा ठरायचं की टॉवर खोटा म्हणायचा, यातलं एकच हाताशी होतं.

"आमच्या टॉवरनं तोडला," साहेब म्हणाले. "यादीत तुम्ही नाही. घालतो. मंजुरी द्या."

"दिली. आता ते वाक्य पुरं करा."

"विसरलो," साहेब म्हणाले.

शनिवारी ताई पुन्हा त्याच रस्त्यानं परतत होती. या वेळी फोनवर वहिनी होती, इस्पितळातून.

"वन्सं, वळण आलं का? इकडे कपाटाला हात लावून बसलेय मी, जसं काही कपाटच धरून ठेवणार आहे कॉल."

"बोलत राहा."

"काय बोलू? तुमचे बंधू सकाळपासून चष्मा शोधतायत, तो त्यांच्या डोक्यावर आहे. मी सांगणार नाही. परवा माझा डबा..."

खाणीची कड मागे सरली. काका मान तिरकी करून ऐकत होते. ओळ उचलली गेली होती आणि कुठेही फट नव्हती. वहिनी अजून डब्याबद्दलच बोलत होती.

कचेरीत ताईनं अहवाल उघडला. नकाशावर पेनानं परतीचा बाण काढला, खाली लिहिलं 'दोन्ही बाजूंनी तपासले', आणि सही केली.

"येतानाचं कोणी विचारलं नव्हतं," साहेब म्हणाले.

"म्हणून तर लिहिलं," ती म्हणाली. "आणि गोदामाची किल्ली द्यायची तर द्या. पण हा बाण कोणी खोडला, तर मी केबल सोडून परत येईन."

साहेबांनी किल्लीच्या खणाकडे पाहिलं, मग बाणाकडे. खण त्यांनी उघडला नाही.