पुढच्या चाकाची खीळ

पंपाचा पहिला फटका स्टँडवर टांगलेल्या सायकलीला बसला. दुसरा शालनच्या उजव्या मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज तिनं आधी ऐकला, कळ मागाहून आली.

“तूच लावलं होतंस ना ते चाक? बोल ना!”

तिच्याच दुकानातला हवा भरायचा पंप दोन्ही हातांत धरून विक्रम करंदीकर ओरडत होता. कंपनीचं ओळखपत्र अजून त्याच्या गळ्यात लटकत होतं. त्याचा धाकटा भाऊ आमोद काल सकाळी बोपदेव घाट उतरताना पडला होता. वळणावर पुढचं चाक निसटलं, चाक धरणाऱ्या फोर्कची टोकं रस्त्यात घुसली आणि तो तोंडावर आपटला. हेल्मेट दुभंगलं. मागून येणाऱ्या मित्रांनी त्याला उताणं केलं तेव्हा त्याचे दात डांबरावर पडलेले होते. तेव्हापासून तो व्हेंटिलेटरवर होता.

“मी नाही लावलं,” शालन म्हणाली.

“खोटं बोलतेस!”

काउंटरची काच फुटली. विक्रमनं तिच्या पोटात लाथ घातली. ती रिमच्या ढिगावर कोसळली, एक मोडका स्पोक तिच्या गालात घुसला. पंप पुन्हा वर गेला आणि तिनं मोडका हातच डोक्यावर घेतला.

तो फटका आला नाही. शेजारच्या पिठाच्या गिरणीतला रंगनाथ लोखंडी पाना घेऊन धावत आला होता. पाना विक्रमच्या कानावर बसला. मग गल्लीतले आणखी चौघे-पाच जण आत घुसले. भाजीवाला, वरच्या मजल्यावरचा रिक्षावाला, ज्यांना काय झालंय हेही ठाऊक नव्हतं असे दोघे.

“बाईमाणसावर हात टाकतो काय? तोड याचे हात!”

विक्रम खाली पडला, तरी लाथा थांबेनात. त्याच्या नाकातोंडातून रक्त येत होतं. रंगनाथनं पाना पुन्हा उचलला. त्याच्या अंगावरचं पीठ रक्तानं भिजत होतं आणि डोळे त्याचे राहिले नव्हते.

शालन सरपटत गेली आणि विक्रमच्या अंगावर आडवी पडली. एक लाथ तिच्या बरगडीत बसली.

“नका मारू! त्याचा भाऊ मरायला टेकलाय तिकडं!” ती किंचाळली. “रंगनाथ, पाना टाक आधी!”

रंगनाथनं पाना टाकला. मग तो भिंतीला टेकून खाली बसला.

बिबवेवाडीतलं ते दुकान तिच्या नवऱ्याचं, कचरू ओव्हाळचं. कचरू गेला तेव्हा सगळ्यांनी गाळा भाड्यानं द्यायला सांगितलं. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शालननं शटर वर केलं. या गोष्टीला अकरा वर्षं झाली. सुरुवातीला शाळेच्या सायकली, पंक्चर, ब्रेकच्या तारा. पुढं आयटीतली मुलं लाखालाखाच्या सायकली घेऊन यायला लागली आणि तीही शिकली. चाकाचा बाक काढण्यात तिचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. काही जण दारात येऊन विचारत, “मेकॅनिक कुठेत?” ती म्हणायची, “चहाला गेलेत. तोवर मी करते.”

हाताला प्लास्टर घालून घेताना तिच्या डोळ्यांपुढं आमोद होता. चार दिवसांपूर्वी तो दोन लाल खिळी घेऊन आला होता. चाकाच्या पोकळ आसातून आरपार जाणारी सळई, तिच्या एका टोकाला दांडी, दुसऱ्याला नट. क्विक रिलीज म्हणतात तिला. दांडी दाबली की चाक फोर्कमध्ये आवळलं जातं.

“मावशी, बघा ना. जुन्यापेक्षा साठ ग्रॅम कमी.”

तिनं खीळ हातात घेऊन फिरवली होती. “याचा नट अॅल्युमिनियमचा आहे. आटे लवकर झिजतात. दांडीखाली प्लास्टिकची चकती, उघडीच. धूळ गेली की पकड गेली. तुझी जुनी पोलादाची आहे, आवळणारा कॅम आत झाकलेला. साठ ग्रॅमसाठी घाट उतरणार आहेस का यावर? त्यापेक्षा सकाळी एक वडा कमी खा.”

“दादानं दिल्यात वाढदिवसाला. लावल्या नाहीत तर त्याला वाईट वाटेल.”

“मग शोकेसमध्ये ठेव. मी नाही लावणार.”

तो हसला आणि तिथंच पायरीवर बसून त्यानं स्वतःच त्या लावल्या. दांडी दोन बोटांनी सहज मिटलेली तिनं पाहिली. इतकी सहज मिटता कामा नये, हे तिला कळलं होतं. तेवढ्यात एक बाई मुलीची सायकल घेऊन आल्या. शालन तिकडं वळली. परत पाहिलं तेव्हा आमोद कोपऱ्यावरून वळत होता. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

चौकीत फौजदारांनी विचारलं, “चाक कुणी बसवलं?”

“त्यानं स्वतः. मी नको म्हणाले होते.”

“म्हणजे तुमचा काही संबंध नाही.”

“दांडी सैल मिटली ते मी पाहिलं. थांबवलं नाही. तेही लिहा.”

फौजदारांनी मान वर केली. “अहो बाई, ते कशाला लिहायचं?”

“झालं ते लिहा.”

“बरं. त्या खिळी आणल्या कुठून त्यानं?”

समोरच्या बाकावर विक्रम बसला होता. एक डोळा पूर्ण मिटलेला, कानाला टाके. उघड्या डोळ्यानं तो तिच्याकडं पाहत होता, आणि त्या डोळ्यातलं पाहून तिला समजलं की त्याला कालपासूनच सगळं माहीत आहे. पंप त्यानं खरं तर कुणावर उगारला होता, तेही.

“ते नाही सांगता येणार,” ती म्हणाली. “यांनी मला मारलं, एवढं मात्र खरं आहे. तक्रार मागं घेणार नाही.”

तिसऱ्या दिवशी आमोद गेला.

त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी उजाडताच आमोदच्या सायकल गटातली मुलं दुकानासमोर रांगेनं उभी राहिली. कुणीही सांगितलं नव्हतं. अक्षता नावाची त्यांच्यातली थोरली मुलगी पुढं झाली. “मावशी, घाटात जायच्या आधी सगळ्यांची चाकं बघून द्याल?”

शालन एका हातानं सायकल उचलायला गेली आणि कळवळली. पुढचं चाक अधांतरी धरून वरून बुक्की मारल्याशिवाय खरी पकड कळत नाही. अक्षता मदतीला वाकणार, तोच रांगेच्या कडेनं विक्रम आला. जामिनावर सुटलेला, दाढी वाढलेली, कानाला पट्टी. गिरणीच्या दारात रंगनाथ उठून उभा राहिला.

“त्या खिळी मी आणल्या होत्या,” विक्रम म्हणाला.

“माहीत आहे.”

“त्यानं सांगितलं तुम्हाला?”

“हो. कौतुकानं सांगितलं.”

तो तिच्या प्लास्टरकडं पाहत राहिला. त्यानं हात जोडायला उचलले तेव्हा ती म्हणाली, “ते राहू द्या. ही सायकल उचला. पुढून.”

त्यानं हँडल धरून सायकल उचलली. शालननं डाव्या मुठीनं टायरवर बुक्की मारली, दांडी उघडली, नट अर्धा फेरा आवळला आणि तळहाताचा जोर लावून दांडी मिटली. पुन्हा बुक्की. “पुढची.”

त्यानं दुसरी उचलली. मग तिसरी. एका मुलाची खीळ तिनं काढूनच टाकली आणि पेटीतून पोलादी काढून बसवली. विक्रमच्या कपाळावरून घाम कानाच्या पट्टीत उतरत होता, पण तो पुसायला थांबला नाही. तपासून झालेला एकेक जण कोंढव्याच्या दिशेनं, घाटाकडं निघून गेला. सर्वात शेवटी अक्षता गेली.

विक्रम पुढच्या सायकलीसाठी दोन्ही हात पुढं करून तसाच उभा राहिला. रांगेत सायकल उरली नव्हती.