मारुती सुरवसे यांनी पास केलेलं पेन

मारुती सुरवसे यांनी तपासल्याशिवाय घरात काही येत नसे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कारखान्यात ते बावीस वर्षं तपासणी विभागात होते. तिथे मालाला तीन रंगांच्या चिठ्ठ्या बांधतात. हिरवी म्हणजे पास, लाल म्हणजे नापास आणि पिवळी म्हणजे निर्णय होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही. या चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा बोईसरच्या त्यांच्या घरी फ्रिजवरही असे. एकदा रत्नाबाईंच्या माहेरहून आलेल्या नव्या कुकरला त्यांनी पिवळी चिठ्ठी बांधली आणि चार दिवस सुरवसे कुटुंबाने पातेल्यात शिजवलेलं वरण खाल्लं. पाचव्या दिवशी रत्नाबाईंनी तीच चिठ्ठी नवऱ्याच्या डब्याला बांधून दिली. कुकर संध्याकाळपर्यंत पास झाला.

यंदा प्रश्न पेनाचा होता.

त्यांची मुलगी ज्ञानेश्वरी पालघरच्या कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होती. अभ्यासात कुठे कमी नव्हती, पण लिहिताना बॉलपेन असं दाबायची की पानाच्या मागच्या बाजूने बोट फिरवलं तरी उत्तर कळावं. दीड तास झाला की मनगट आखडायचं. पहिल्या सत्रात सगळ्या पेपरांत तिचा शेवटचा प्रश्न राहिला होता. इतिहासाच्या पेपरात तर पाचवा प्रश्न येत असूनही तिने त्याचा फक्त नंबर लिहिला होता आणि ती दोन मार्कांनी कशीबशी तरली होती. आता दुसऱ्या सत्राची परीक्षा नऊ दिवसांवर होती, आणि पहिलाच पेपर इतिहासाचा.

"कॉलेजच्या तेजल मॅडम म्हणाल्या, शाईचं पेन घे," ज्ञानेश्वरीने जेवताना सांगितलं. "दाबावं लागत नाही, हात दुखत नाही. पण लगेच घे म्हणाल्या, सवय व्हायला आठवडा लागतो. मी उद्या येताना घेऊन येते, पप्पा."

"तू? काय बघून घेणार?"

"लिहून बघणार."

मारुतींनी मुलीकडे दयेने पाहिलं. "लिहून बघितल्यावर सगळीच पेनं लिहितात, बाळा. खरी गोष्ट नंतर कळते. तू अभ्यास कर. हे माझ्यावर सोड."

रत्नाबाईंनी भाकरी थापता थापता फ्रिजवरच्या गठ्ठ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मारुती कामावरून परस्पर पालघरला गेले. एसटी स्टँडच्या मागे सोजराबाईंचं वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. सोजराबाई शिरगावच्या. पस्तीस वर्षं रोज गावाहून येऊन त्या गल्ल्यावर बसत होत्या आणि पालघरच्या दोन पिढ्यांची अक्षरं त्यांना पाठ होती. मारुतींनी साठ रुपयांपासून दोनशे चाळीसपर्यंतची पाच शाईची पेनं काउंटरवर ओळीने मांडायला लावली, खिशातून भिंग काढलं आणि पहिल्या पेनाची निब उजेडात धरली.

"पोरीला हाय ना?" सोजराबाईंनी विचारलं.

"हो. कॉलेजला आहे."

"मग पोरीला आनायची. लिवनार ती ना?"

"आधी तपासणी," मारुती म्हणाले. "ती शेवटी वापरणार."

मग पाचही पेनांत शाई भरून घेतली गेली. पाचही निब खाली करून टिपकागदावर अर्धा तास उभी राहिली. कोणत्या पेनाखाली किती मोठा डाग पडला ते पट्टीने मोजलं गेलं. टोपणं वीस वीस वेळा लावून काढली गेली. प्रत्येक पेन तीन फुटांवरून घडी घातलेल्या रुमालावर पाडलं गेलं. दोन गिऱ्हाइकं खोडरबर घ्यायला आली होती. ती पाहायला थांबली आणि खोडरबर न घेताच गेली.

"दादा," सोजराबाई म्हणाल्या, "पेन घेताय का जावय?"

"जावयाचं बघू तेव्हा बघू," मारुती मान वर न करता म्हणाले. "त्यालाही पाडून बघणार."

दोन पेनं गळली म्हणून गेली. एकाचं टोपण एकोणिसाव्या वेळी सैल लागलं. चौथं सत्तर रुपयांचं, बारीक निबेचं हिरवं पेन. ते गळलं नाही, पडून वाकलं नाही, पण कागदावर शाई अगदी मोजून सोडत होतं. "प्रवाह अपुरा," असं म्हणून मारुतींनी त्याला लाल चिठ्ठी बांधली. सोजराबाईंनी ती चिठ्ठी मुकाट्याने सोडून पेन परत ड्रॉवरमध्ये टाकलं. पाचवं मात्र जाड निबेचं, स्टीलचं, वजनदार पेन होतं. कागदाला टेकवताच शाई अशी यायची की अक्षर सुकायला वेळ लागावा. मारुतींनी त्याने 'प्राथमिक तपासणी समाधानकारक' एवढं लिहिलं, वर फुंकर घातली आणि एकशे ऐंशी रुपये मोजले.

पण पेन मुलीला मिळालं नाही. अजून हादऱ्यांची तपासणी बाकी होती.

त्या तपासणीसाठी मारुतींनी पेन शर्टाच्या खिशात लावलं आणि मोटारसायकलवरून बोईसर-तारापूर रस्त्याने, जिथून कंटेनर जातात त्या कडेने, दोन दिवस ये-जा केली. दुसऱ्या दिवशी दुपारी कारखान्यात टेस्ट बेंचवरच्या चंद्रभानने त्यांच्या छातीकडे पाहिलं आणि काळजीने म्हणाला, "सुरवसे साहब, आपका दिल लीक हो रहा है."

मारुतींनी खाली पाहिलं. खिशाच्या जागी वाडग्याएवढा निळा डाग होता. चौकशी केली तेव्हा टोपण अर्धाच आटा बसलेलं निघालं. त्यांनी वहीत नोंद केली: 'वापरणाऱ्याची चूक.' वापरणारे तेच होते, पण नोंद ही नोंद असते. तपासणी पहिल्यापासून पुन्हा सुरू झाली.

रोज संध्याकाळी ज्ञानेश्वरी विचारायची, "पप्पा, पेन?"

"पिवळ्या चिठ्ठीत आहे."

"परीक्षा सहा दिवसांवर आली."

"घाईत पास केलेला माल परत येतो, बाळा."

ती बॉलपेन घेऊन खोलीत जायची. दीड तासाने हात झटकत बाहेर यायची, आणि रत्नाबाई तिच्या मनगटाला खोबरेल चोळून द्यायच्या. चोळताना त्या नवऱ्याकडे बघायच्या. अशा बघण्यासाठी मारुतींच्या गठ्ठ्यात कुठल्याच रंगाची चिठ्ठी नव्हती.

परीक्षेला चार दिवस उरले तेव्हा पेन एकदाचं हिरव्या चिठ्ठीसह टेबलावर आलं. मारुतींनी स्वतः वही उघडून दिली आणि हात मागे बांधून उभे राहिले. ज्ञानेश्वरीने टोपण काढलं, पेन हातात घेतलं आणि लिहायला सुरुवात केली. पेन सुरेख चाललं, कुठे अडलं नाही. चार ओळी झाल्या आणि तिने हात उचलला.

चारही ओळी निळ्या धुरासारख्या पसरल्या होत्या. तिच्या डाव्या तळहाताची कड करंगळीपासून मनगटापर्यंत निळी झाली होती.

डाव्या हाताच्या माणसाचा तळवा आपण लिहिलेल्यावरूनच सरकत जातो, आणि या पेनाची शाई सुकायला तर वेळ लागत होता. ज्ञानेश्वरी बालवाडीपासून डाव्या हाताने लिहीत होती. पाटीवरचं पहिलं अक्षरसुद्धा तिने डाव्या हाताने काढून लगेच त्याच हाताने पुसलं होतं, आणि ते पाहून सगळ्यात जास्त हसले होते ते मारुतीच.

ज्ञानेश्वरीने हळूच पेनाला टोपण लावलं.

"टोपण वीस वेळा लावून बघितलं," रत्नाबाई शांतपणे म्हणाल्या, "पेन रुमालावर पाडलं, शर्ट घालवला. पोरीचा हात कुठला ते बघायचं राहिलंच होय?"

मारुतींनी नोंदवही चाळली. "फॉर्ममध्ये तसा रकाना नव्हता," ते म्हणाले.

ज्ञानेश्वरीला हसू आलं, पण ते डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "जाऊ दे पप्पा. बॉलपेनने लिहीन. चार प्रश्न तर होतात ना."

हे मात्र मारुतींना लागलं. ती रागावली असती तर त्यांनी बाजू मांडली असती. तिने चार प्रश्नांवर समाधान मानलं, त्यावर मांडायला त्यांच्याकडे बाजूच नव्हती. रात्रभर ते कुशी बदलत राहिले. सकाळी उठून चहाच्या आधी त्यांनी मोटारसायकल पुसली आणि मुलीला म्हणाले, "चल. आणि मी नुसता येणार. बघणार नाही काही."

सोजराबाईंनी दोघांना येताना पाहिलं आणि गल्ल्यामागून हसल्या. "आनली का पोरीला? बस गो बाय. तुमी," त्या मारुतींना म्हणाल्या, "भायेर बसा. त्या सोडावाल्याच्या बाकावर."

"मी बोलणार नाही."

"तुमी बोलत नाय, तुमी मोजता. भायेर."

मारुती बाहेर बसले. बाकाचा एक पाय आखूड होता. त्यांनी खिशातली पिवळी चिठ्ठी काढली, दुकानाकडे पाहिलं आणि परत ठेवली.

आत सोजराबाईंनी एकही पेन काढलं नाही. आधी एक जुनी वही पुढे केली आणि ज्ञानेश्वरीचंच बॉलपेन तिच्या हातात दिलं. "लिव. काय पन लिव." त्या पेनाकडे नाही, हाताकडे पाहत होत्या. मग त्यांनी वही उजवीकडे तिरकी फिरवली, पोरीचं कोपर थोडं आत घेतलं आणि तिचा हात ओळीच्या खाली आणला. "असा. आता हात लिवलेल्यावरून जात नाय. खालून जातो. आता दाबू नको. कागदाने काय केलाय तुला?"

ज्ञानेश्वरी हसली. मग सोजराबाईंनी ड्रॉवर उघडला आणि सत्तर रुपयांचं बारीक निबेचं हिरवं पेन काढलं. दोन ओळी झाल्या. शाई मोजून येत होती आणि येता येता सुकत होती. तळहात स्वच्छ राहिला. तिने तिसरी ओळ लिहिली, मग पान भरून लिहिलं, आणि मग पान उलटून मागच्या बाजूने बोट फिरवलं. मागची बाजू सपाट होती.

"पप्पा," तिने बाहेर हाक मारली, "झालं."

मारुतींनी आत येऊन पेन ओळखलं. त्यांचा चेहरा लाल चिठ्ठीसारखा झाला. "याला मी प्रवाह अपुरा..."

"तुमाला अपुरा," सोजराबाई म्हणाल्या. "तिला बराबर हाय. आनि ता मोठा पेन परत आनू नका. तुमी ता पार धुऊन वापरलाय. सह्या करा."

तीन दिवस ज्ञानेश्वरी वही तिरकी धरून लिहीत बसली. मारुतींनी एकदाही पेनाला हात लावला नाही. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी फक्त एवढंच म्हणाले, "शाई तरी मी भरून देतो." एवढं काम तिने दिलं. त्यांनी ते मन लावून केलं.

सकाळी त्यांनी अर्धी सुट्टी टाकली आणि तिला मागे बसवून बोईसरहून पालघरला निघाले. मोटारसायकल इतकी हळू चालली होती की उमरोळीजवळ एका सायकलवाल्याने त्यांना ओलांडलं आणि मागे वळून पाहिलं. कॉलेजच्या फाटकाशी मारुतींना एकदम काहीतरी आठवलं आणि ते पांढरे पडले.

"ज्ञानू, थांब. मी शाई पूर्ण भरलेली नाही."

"म्हणजे?"

"आमच्या कारखान्यात कुठलीच टाकी काठोकाठ भरत नाहीत. वर मोकळी जागा ठेवायची, असा नियम आहे. सवयीने ठेवली गेली. शेवटच्या प्रश्नाला संपली तर..."

"किती मोकळी?"

"पाव भाग."

ज्ञानेश्वरी त्यांच्याकडे पाहत राहिली. "पप्पा, मी एकोणीस वर्षं तुमच्या घरात राहते. सकाळी उठून आधी तेच बघितलं. वरपर्यंत भरली." आणि ती आत गेली.

अडीच तास मारुती फाटकासमोरच्या झाडाखाली उभे होते. इतर आईबाप चहाला जाऊन आले. त्यांनी चहा घेतला नाही. दोन तास झाले तेव्हा त्यांनी स्वतःचंच मनगट चोळायला घेतलं. घंटा झाली, मुलंमुली बाहेर पडली, आणि ज्ञानेश्वरी सगळ्यांत शेवटी आली. डावा हात मोकळा हलवत होती. त्या हाताकडे मारुती आधी पाहत राहिले. बोटाच्या पेरावर मोहरीएवढा निळा ठिपका, बाकी स्वच्छ.

"शेवटचा प्रश्न?" त्यांनी विचारलं. आवाज काही केल्या कामावरचा लागेना.

"लिहिला. दोन पानं." ती जरा ओशाळली. "फक्त एक घोळ झाला. सहापैकी कुठलेही पाचच लिहायचे होते. हात दुखेच ना, म्हणून थांबायचं लक्षातच आलं नाही. सहाही लिहून टाकले."

मारुतींनी यावर बराच विचार केला. "जास्तीचा असला म्हणून सगळाच माल परत करत नाहीत ना?"

"नाही पप्पा. जास्तीचा एक फक्त धरत नाहीत."

"मग हरकत नाही," मारुती म्हणाले आणि त्यांनी बावीस वर्षांत प्रथमच काहीही न मोजता मोटारसायकलला किक मारली. "आईला फोन लाव. सांग, सहा झाले."