उल्का बसूनच का जाते?

मुखपृष्ठ
(चित्र: दहा वर्षांची उल्का. दोन वेण्या, कमरेला दोर. कड्याला लटकलेली.)

कडा म्हणजे भांडुपच्या घरातला, स्वयंपाकघरावरचा माळा. दोर म्हणजे ओढणी. उल्का म्हणजे शीतल, वय चोपन्न.

गोष्टी शीतल लिहिते, चित्रं तिचा नवरा प्रबुद्ध काढतो. नुसत्या कल्पनेनं माणूस काढणं त्याला जमत नाही. समोर कुणीतरी तसं उभं लागतं. म्हणून पहिल्या पुस्तकापासून शीतल माळ्याला लटकते, टेबलाखालच्या गुहेत रांगते, गॅलरीच्या ग्रिलला धरून वादळात झुलते. एकदा समोरच्या बिल्डिंगमधल्या बाईंनी घाबरून वॉचमनला वर पाठवलं होतं. कागदावर प्रबुद्ध तिचं वय कमी करतो, वजनही. पाय मात्र तिचेच ठेवतो. अंगठ्यापेक्षा शेजारचं बोट लांब.

पान २–३
(चित्र: मुलुंडचं वाचनालय. सतरंजीवर मुलं.)

"कुणाला काही विचारायचंय?" शीतल म्हणाली.

पुढच्या मुलीनं हात वर केला. "उल्काचा पाय मोडलाय का?"

"नाही गं. का?"

"मग ती बसूनच का जाते? होडीत बसून, हत्तीवर बसून. या पुस्तकात तर फुग्याच्या टोपलीत बसून."

मुलं हसली. शीतलही हसली. प्रबुद्ध पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत राहिला. ते केव्हाच लागलं होतं.

पान ४–५
(चित्र: रिक्षा. दोघं. मध्ये पुस्तकांची पिशवी.)

"मी दरीवरून उडी लिहिली होती. तू म्हणालास, होडी छान दिसेल."

"दिसली ना छान?"

"मग धावणं लिहिलं. तू म्हणालास, हत्ती."

"मुलांना आवडतात हत्ती."

"प्रबुद्ध."

"काय?"

"माझ्या गुडघ्यासाठी?"

रिक्षा खड्ड्यात आदळली. त्याचा हात आधी तिच्या डाव्या गुडघ्यावर गेला, मग पिशवीवर.

पान ६–७
(पान कोरं आहे. उडीचं चित्र अजून व्हायचंय.)

घरी येताच शीतलनं नव्या पुस्तकात लिहिलं: उल्का दोन पावलं मागे आली आणि तिनं उडी मारली. मग कमरेला ओढणी बांधून ती स्टुलाकडे निघाली.

"उतर."

"अजून चढलेच नाही."

"शेजारच्या श्रुतिकाला उभी करतो ना. कबड्डी खेळते ती."

"म्हणजे मी आता फक्त लिहायचं? उल्काला पाय श्रुतिकाचे?"

त्यानं स्टूल धरून ठेवलं.

"तीन पुस्तकं मला उचलून फिरवलंस. विचारलंस तरी का?"

"विचारलं असतं तर तू उडी मारली असतीस."

हे खरं होतं, म्हणून ती जास्तच चिडली. चहापत्ती संपलीय म्हणत चपला घालून निघाली.

पान ८–९
(चित्र: जिना. नाही, कडा.)

तिसरा मजला, लिफ्ट नाही. शीतल रोजच्यासारखी उतरत होती, आडवी. दोन्ही हात कठड्यावर. आधी दुखरा डावा पाय, तो टेकला की उजवा, मग श्वास. एक फरशी हलते. तिथे आधी चवड्यानं चाचपायचं.

प्रबुद्ध दारातून बघत होता.

"थांब!"

"आता काय?"

"तशीच राहा. चपला काढ फक्त."

तो आत पळाला, पॅड घेऊन आला आणि तिच्याखालच्या पायरीवर बसला.

"डावा पाय आणखी खाली. हां. आता बघ, खाली काय आहे?"

खाली कुणाची तरी सायकल होती.

"नदी," शीतल म्हणाली. "मगरी आहेत."

"किती?"

"तू काढशील तेवढ्या."

वरच्या मजल्यावरचे काका भाजीच्या पिशव्या घेऊन येत होते. "वहिनी, पाय मुरगळला का?"

"नाही ओ. कड्यावर आहे."

"बरं बरं," म्हणत ते भिंतीला चिकटून वर गेले.

पान १०
(फक्त मजकूर.)

शीतलनं ‘उडी मारली’ खोडून लिहिलं: उल्का कडा उतरू लागली. आडवी. आधी डावा पाय.

"दोन पानांत नाही मावणार ही," प्रबुद्ध म्हणाला. "हळू उतरते."

"मग सहा दे."

मलपृष्ठ
(चित्र: खडकावर दोन अनवाणी पाय. अंगठ्यापेक्षा शेजारचं बोट लांब.)