घराण्याची पकड

अकागीने चटईला टेकवलेलं कपाळ वर उचललंच नाही.

"गुरुजी, मी शपथ मोडली. घराण्याची जमिनीवरची पकड कॉलेजच्या पोरांना शिकवली."

नांबा गुरुजी चहा पीत होते, ते पीतच राहिले. ओकायामातल्या त्यांच्या जुजुत्सूच्या आखाड्यात हल्ली चिटपाखरूही फिरकत नसे. नव्या ज्यूदोने सगळी पोरं ओढून नेली होती, आणि त्या ज्यूदोचा मास्तर झाला होता त्यांचाच लाडका अकागी. सोळाव्या वर्षी बोट टोचून, रक्ताचा ठसा उमटवून त्याने लिहून दिलं होतं की ही विद्या आईबापांनाही दाखवणार नाही. शपथ मोडणाऱ्याचं नाव घराण्यातल्या शिष्यांची नावं लिहिलेल्या कागदाच्या गुंडाळीवरून खोडलं जाई. त्या धास्तीने आठवडाभर त्याला घास गिळवत नव्हता.

"का शिकवलीस?"

"पोरं उभ्याने झकास फेकतात हो. पण खाली पडली की उताण्या कासवासारखी हातपाय झाडतात. बघवेना."

गुरुजींनी चहा बाजूला ठेवला आणि सरळ चटईवर आडवे झाले.

"धर मला. त्यांना शिकवलीस तशी."

"अहो, सत्तरी आली!" गुरुजींची बायको ओतामीकाकू आतून ओरडल्या. "गावाची हाडं तुम्ही बसवता, तुमची कोण बसवणार?"

अकागीने जपून त्यांच्या छातीवर भार टाकला. म्हातारा कुशीवर जरासा वळला, आणि बघता बघता अकागी खाली अन् म्हातारा वर.

"कोपर मोकळं सोडलंस, गाढवा! शपथ मोडायचीच होती तर नीट तरी मोडायचीस. पोरं हेच शिकली?"

"हो."

"किती जण?"

"तेवीस."

गुरुजी उठले. त्यांना धाप लागली होती, पण कित्येक वर्षांत चेहरा इतका खुलला नव्हता.

"गुंडाळी आण गं."

काकूंनी ती आणून उलगडली. अकागीचं नाव सगळ्यांत शेवटी होतं. त्याच्यानंतर अकरा वर्षांत कुणी आलंच नव्हतं. आता ते खोडलं जाणार म्हणून त्याने मान फिरवली.

गुरुजींनी शाई मागितली नाही. त्या नावापुढची कोरी जागा त्यांनी वितीने मोजली, पुन्हा एकदा मोजली.

"तेवीस मावायचे नाहीत," ते काकूंना म्हणाले. "भाताची खळ कर. कागद जोडावा लागेल."