मेलेल्या बाईची कात्री

मी कात्री बोलतेय, आणि आधीच सांगून ठेवते, मला गंज चढलेला नाही. माझी बाईही मेलेली नाही. या दोन्ही गोष्टी भरल्या सभागृहात माईकवरून सांगितल्या गेल्या आणि लोक ढसाढसा रडले, म्हणून मला तोंड उघडावं लागतंय.

मी साधीसुधी घरगुती कात्री नव्हे, कापड कापायची आहे. भट्टीत तापले, घणाखाली चेपले गेले, मग दोन पाती एका खिळ्यावर बसवली गेली. नवखं माणूस मला उचलतं तेव्हा आधी त्याचं मनगट वाकतं, मग तोंड वाकडं होतं. माझा पहिला मालक एक टेलरमास्तर. तो फक्त पॅंट शिवायचा. माझी बाई तेव्हा त्याच्याकडे काज-बटणं करायला होती, चौथी शिकलेली, बोलायला मात्र पदवीधर. मास्तरच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, त्याने एका नवरदेवाच्या पॅंटचा एक पाय आखूड कापला आणि त्याच दिवशी शटर ओढलं. मला बाईच्या हातात देताना म्हणाला, "घे. तुझी जीभ आणि ही, दोन्ही एका ठिकाणी बऱ्या."

तेव्हापासून मी बाईच्या पुढच्या खोलीत आहे. एक मशीन, एक कापायचं टेबल, भिंतीला आरसा. माणसांची गंमत मी तिथेच पाहिली. माप द्यायला उभं राहिलं की प्रत्येक जण श्वास आत ओढतो. बाई टेप तशीच धरून म्हणते, "सोडा ते पोट. मी शिवणार पोटाला, तुमच्या इच्छेला नाही." गल्लीतली पोरं तिला मागून 'कडक इस्त्री' म्हणतात. तिला माहीत आहे. तिला ते आवडतं असा माझा संशय आहे.

नवरा ट्रकवर, महिन्यातून कधीतरी उगवणारा. एकच पोरगी. ती माझ्या टेबलाखाली चिंध्यांत खेळत मोठी झाली. बोलायची कमी, बघायची फार. आता चष्म्याच्या दुकानात काउंटरवर असते.

तर झालं असं. आमच्याकडे साहित्य महोत्सव भरायचा होता आणि पाहुण्यांना द्यायच्या कापडी पिशव्या शिवायचं काम बाईला मिळालं. पिशव्या शिवून झाल्या, पण बंदांचे लोंबणारे दोरे कापायचे राहिले. तिने मला त्यातल्याच एका पिशवीत टाकलं आणि सगळा ढीग घेऊन सभागृहात पोचली. दारात व्यवस्थापक घाम पुसत उभे.

"ताई, बसा ना जरा. फोटोवाला येतोय आणि मागच्या रांगा रिकाम्या दिसतात."

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"कळायचं काही नाही हो, नुसतं बसायचं."

"बसते. पण माझे हात चालू राहणार," म्हणत बाईने शेवटची खुर्ची धरली, मला बाहेर काढलं आणि दोरे कापायला लागली.

आत लेखनाची कार्यशाळा चालली होती. शिकवणारे सर उंच, डोळे मिटून बोलणारे. ते म्हणाले, आज सगळ्यांनी आपापल्या आठवणी वाचायच्या, आणि त्यातली सर्वांत चांगली उद्या समारोपाला मोठ्या मंचावर वाचली जाईल, महोत्सवाच्या पुस्तकातही छापली जाईल. एकाने आजोबांची सायकल वाचली. एकीने पहिली नोकरी वाचली. बाईला जांभई आली.

मग सर म्हणाले, "आता आपली चष्म्याच्या दुकानातली मैत्रीण."

मी अर्ध्या दोऱ्यावर थांबले. थांबले कसली, बाईचा हातच थांबला. पोरगी आज दुकानात माल मोजायला जाते म्हणून सकाळी घरातून निघाली होती. ती इथे मंचावर, हातात कागद घेऊन, पाय जुळवून उभी. मागच्या अंधारात कोण बसलंय ते तिला दिसत नव्हतं.

तिने वाचायला सुरुवात केली. "आई गेली त्या दिवशी शिलाई मशीन उघडंच होतं."

मला वाटलं आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. मी बाईकडे पाहिलं. ती श्वास घेत होती. म्हणजे, थोडा वेळ घेत नव्हती, पण मग घेतला.

पोरगी वाचत राहिली. मशीनवर अर्धा राहिलेला झगा. गिऱ्हाइकं दारातून परत गेली. "तिची कात्री खिडकीत पडून आहे. तिला गंज चढलाय." माझ्या जिवाला काय झालं असेल! दर आठवड्याला तेल पिणारी मी! पण मला रागवायलासुद्धा वेळ मिळाला नाही, कारण पुढचं वाक्य आलं.

"आईने अख्ख्या वस्तीची मापं घेतली. माझ्याभोवती तिचे हात आले ते फक्त टेप घेऊन. म्हणून मला लवकर लवकर वाढायचं असायचं. वाढलं की कपडे आखूड होतात, आणि मग पुन्हा माप घेतात."

मी लोखंडाची आहे. तरी सांगते, ते वाक्य माझ्या दोन पात्यांच्या मधून गेलं आणि मला ते कापता आलं नाही. मी त्या टेबलावर इतकी वर्षं पडून होते. पोरगी माप द्यायला उभी राहायची तेव्हा डोळे का मिटायची, हे मला कधी कळलंच नव्हतं.

सभागृहात नाकं ओढल्याचे आवाज. सरांनी चष्मा काढला. म्हणाले, "या माउलीसाठी आपण दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू."

सगळे उभे राहिले. आणि काय सांगू, माझी बाईसुद्धा उभी राहिली! सगळे उठले म्हणून तीही उठली, स्वतःसाठीच, डोकं खाली घालून, हातात मला घट्ट धरून. असलं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं.

सगळ्यांच्या माना खाली होत्या. एकटी पोरगी वर बघत होती, आणि आता दिवे लागलेले होते. तिला आई दिसली. तिचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं, कारण स्तब्धता चालू होती. दोघी एकमेकींकडे बघत उभ्या. त्या दोन मिनिटांत माणसाचं काय काय होतं हे त्या दोघींनाच माहीत.

सर "बसा" म्हणाले. शेजारचे, रुमालाने डोळे टिपणारे आजोबा बाईकडे झुकले. "तुम्ही ओळखत होता वाटतं बाईंना?"

आता ही फाडून काढणार, मला वाटलं. भर सभेत. गिऱ्हाइकाच्या पोटाला न सोडणारी बाई स्वतःच्या मरणाला सोडेल होय?

"होते ओळखत," बाई हळू म्हणाली.

"कशा होत्या हो?"

"तोंडाने फाटकी. पण शिवण सरळ."

एवढं बोलून तिने पिशव्या उचलल्या आणि पोरीची फजिती नको म्हणून मागच्या दाराकडे निघाली. कडक इस्त्री! चोरपावलांनी! इकडे सर सांगत होते की उद्याच्या मंचावर हेच वाचन होणार. टाळ्या सुरू झाल्या.

"सर, थांबा," पोरीचा आवाज माईकमधून फाटला. "ती माझी आई आहे. ती, पिशव्या घेऊन चाललीय ती."

शंभर माना वळल्या. एक बाई किंचाळली. रुमालवाले आजोबा खुर्चीत बसले ते बसलेच.

"मग हे काय होतं सगळं?" सर म्हणाले.

"तुम्हीच म्हणाला होतात, ज्याची सगळ्यात जास्त भीती वाटते त्यावर लिहा. मी लिहिलं. तुम्ही वाचून माझ्या डोक्यावर हात ठेवलात, म्हणालात, धीर धर. मग मला सांगताच आलं नाही."

"अहो, पण आम्ही उभे राहिलो!" व्यवस्थापक ओरडले.

बाई दारातून वळली. "मीही राहिले ना. माझे तर गुडघे दुखतात, मी काही बोलले का?"

कोणीतरी हसलं, पण सर हसले नाहीत. आठवणींमध्ये खोटं चालत नाही, उद्या दुसरं कुणीतरी वाचेल, असं म्हणून त्यांनी पुढचा कागद मागितला. पोरगी मंचावरून उतरली. हा मंच तिला किती हवा होता, ते तिच्या उतरण्यावरून कळत होतं.

दोघी घराकडे निघाल्या. कोपऱ्यावर पोरीने विचारलं, "आई, रागावलीस?"

"मेलेलं माणूस रागावतं का?"

घरी आल्यावर बाई मशीनवर बसली नाही. स्टुलावर बसली, मला टेबलावर ठेवलं, हात मांडीवर ठेवले. रिकामे हात घेऊन बसलेली बाई मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

"वाच."

"काय?"

"तेच. पहिल्यापासून."

"नको ना गं आई."

"भरल्या सभेत वाचताना घसा नाही बसला. माझ्यापुढे काय झालं?"

पोरगी वाचायला लागली. आवाज सुईएवढा. पहिल्याच ओळीला बाईने अडवलं. "मशीन उघडं टाकून मी मरणार नाही. झाकून मरेन. खोड ते." पोरीने खोडलं. "आणि पहिल्याच ओळीत काय मारतेस? भीती वाटत होती ना? मग जरा आजारी तरी पाडायचंस." पोरगी रडता रडता हसली. झग्याचं कापडही बदलायला लावलं. माझं गंजाचं वाक्य तर बाईने अक्षरशः शिवी देऊन काढायला लावलं, तिचं भलं होवो.

मग ते मापाचं वाक्य आलं. पोरीने वाचलं आणि पेन कागदावर टेकवून थांबली. "हे खोडू?"

बाईने आरशात पाहिलं.

"ते राहू दे," ती म्हणाली. "ते खरं आहे." मग तिनेच विचारलं, "पुढे?"

"पुढे काही नाही. संपलं."

"संपलं कसं? मी बसलेय ना इथे."

तेव्हापासून संध्याकाळी पोरगी दुकानातून आली की स्टूल ओढते आणि बाई बोलते. आपल्या आईबद्दल, मास्तरच्या दुकानाबद्दल, ट्रकवाल्याबद्दल तर असं काही की ते मी कुठे सांगणार नाही. पोरगी लिहून घेते. मधेच म्हणते, "आई, हळू," आणि बाई खेकसते, "तू भरभर लिही." महोत्सवाचं पुस्तक पोरीशिवाय छापून आलं. बाईने ते चाळून पाहिलं आणि विचारलं, "आजोबांच्या सायकलचं पुढे काय झालं ते लिहायचं राहिलं का?"

मी मात्र टेबलावर पडून असते. कपडे वेळेवर देणारी माझी बाई आयुष्यात पहिल्यांदा मागे पडलीय. काल एक गिऱ्हाईक दारातून ओरडून गेलं. म्हणून माझी सगळ्यांना हात जोडून विनंती आहे, हात नाहीत तरी. ज्यांचे कपडे राहिले आहेत त्यांनी थोडं थांबावं. माझ्या बाईचं बोलणं अजून बरंच बाकी आहे, आणि ते ती जिवंत असतानाच लिहून व्हायचं आहे.